इन्सुलिनला न जुमानणारे मांजर

शालेय पुस्तकात मधुमेहाविषयी एक वाक्य हमखास असते. स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी स्रवले की रक्तातील साखर वाढते व मधुमेह होतो. हे वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. ते कुठे अपुरे पडते हे समजून घेण्यासाठी आपण एका मांजराचा आजार पाहू आणि त्या आजाराचा माग काढत शंभराहून अधिक वर्षे मागे जाऊ.

समजा, एका घरी दहा-अकरा वर्षांचा बोका आहे. तो अलीकडे खूप पाणी पितो, खूप लघवी करतो, सारखा खायला मागतो. पशुवैद्य रक्त व लघवी तपासतात. मधुमेह निघतो. रोज दोन वेळा इन्सुलिनचे १ युनिट टोचायला सांगितले जाते. साखर उतरत नाही. मात्रा २ युनिट होते, मग ४, मग ८. तरी साखर जिथल्या तिथे. पशुवैद्य विचारतात: बाटली उन्हात राहिली होती का? सुई नीट कातडीखाली जाते ना? सिरिंज बाटलीला जुळणारीच आहे ना? (आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट अशी दोन्ही प्रकारची इन्सुलिने मिळतात, तेव्हा हा प्रश्न महत्त्वाचाच.) सगळे बरोबर असते. आणखी एक गोष्ट मात्र विचित्र असते. आटोक्यात नसलेल्या मधुमेहात वजन घटायला हवे. ह्या बोक्याचे वजन वाढत असते.

हा बोका आम्ही समजुतीसाठी कल्पिला आहे, पण अशा मांजरांच्या नोंदी पशुवैद्यकात भरपूर आहेत. त्यांच्या मेंदूच्या तळाशी, पिट्युइटरी म्हणजे पीयूषिका ग्रंथीत, एक लहानशी गाठ झालेली असते आणि ती गाठ वृद्धी संप्रेरक अमाप प्रमाणात रक्तात सोडत असते. इन्सुलिन आपले काम करू पाहते आणि हे संप्रेरक त्याला अडवते.

बिघाड पोटातल्या स्वादुपिंडात दिसतो, मूळ मात्र डोक्यात असते. हे नाते कोणाला, कसे आणि किती उशिरा कळले, ती आजची गोष्ट.

एकाच हातात दोन टोके

१८८६ साली मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये प्येर मारी ह्या डॉक्टरने दोन रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. प्रौढ वयात त्यांचे हात, पाय व जबडा वाढत गेले होते. मारीने ह्या विकाराला ॲक्रोमेगाली असे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘आक्रॉन’ म्हणजे टोक आणि ‘मेगास’ म्हणजे मोठे. शरीराची टोके मोठी करणारा विकार, असा त्या नावाचा अर्थ.

पुढच्याच वर्षी, १८८७ साली, ऑस्कर मिंकोव्स्की ह्या तरुण डॉक्टरने अशाच एका रुग्णाविषयी लिहिले आणि ह्या विकारात पीयूषिका ग्रंथी मोठी झालेली आढळते, ह्या गोष्टीकडे लक्ष वेधले. गणिताच्या शिक्षकांना हे आडनाव ओळखीचे वाटेल. आइन्स्टाइनला शिकवणारे गणिती हेर्मान मिंकोव्स्की हे त्याचे धाकटे भाऊ.

१८८९ साली हाच ऑस्कर मिंकोव्स्की स्ट्रासबुर्ग येथे योझेफ फोन मेरिंगबरोबर काम करत होता. त्यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड पूर्ण काढून टाकले. कुत्रा वारंवार लघवी करू लागला. मिंकोव्स्कीने ती तपासली, तर तीत भरपूर साखर होती. लघवीवर माश्या जमल्या म्हणून त्याला शंका आली, ही गोष्ट वर्गात रंगवून सांगितली जाते. ती खरी असण्याबद्दल शंका आहे. ज्या प्रयोगशाळेत तो तयार झाला होता, तिथे मधुमेहाचाच अभ्यास चाले. लघवीतली साखर तपासणे ही त्याची रोजची सवय होती.

म्हणजे दोन वर्षांच्या अंतराने एकाच माणसाच्या हातात दोऱ्याची दोन्ही टोके होती. एका टोकाला मोठी झालेली पीयूषिका, दुसऱ्या टोकाला स्वादुपिंडाविना झालेला मधुमेह. ती जोडण्याचे तेव्हा काही कारणच नव्हते. ‘हॉर्मोन’ हा शब्दसुद्धा १९०५ सालचा आहे. पीयूषिका मोठी झाल्यामुळे तिचे काम वाढते की बंद पडते, ह्यावरही एकमत नव्हते. मारी स्वतः ती निकामी होते असे समजत असे. अमेरिकेतील शल्यविशारद हार्वी कुशिंग ह्यांनी १९०९ नंतर उलट बाजू ठामपणे मांडली: ॲक्रोमेगालीत ही ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करते. अशा काही रुग्णांच्या लघवीत साखरही असते, हे डॉक्टरांना दिसत होते. पण मधुमेह म्हणजे स्वादुपिंड, हे समीकरण आता पक्के झाले होते.

१९२१-२२ साली टोरांटोत ते आणखी पक्के झाले. बँटिंग आणि बेस्ट ह्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून स्वादुपिंडाचा अर्क मिळवला, कॉलिपने तो शुद्ध केला, आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन ह्या चौदा वर्षांच्या मुलाला तो टोचला गेला. पहिल्या अशुद्ध अर्काने फारसे साधले नाही. काही दिवसांनी दिलेल्या शुद्ध अर्काने त्याची साखर झपाट्याने उतरली. मरणाच्या दारातली मुले उठून बसू लागली, तेव्हा प्रश्न सुटला असे जगाला वाटले तर नवल नाही.

ब्वेनोस आयरेसचे भेक आणि कुत्रे

प्रश्न सुटलेला नाही, हे दाखवणारा माणूस अर्जेंटिनात होता. बेर्नार्दो हूसाय हे ब्वेनोस आयरेस विद्यापीठात शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक होते. पीयूषिका काढलेल्या कुत्र्यांना त्यांनी इन्सुलिन टोचले. सामान्य कुत्रा जी मात्रा सहज पचवतो, तिच्याने हे कुत्रे साखर उतरून कोसळू लागले. ही गोष्ट १९२४ सालची. पीयूषिका नसेल तर इन्सुलिन फार जोरात काम करते. मग ती असताना ती काय करत असेल?

१९३० च्या सुमारास हूसाय आणि त्यांचे सहकारी बियासोत्ती ह्यांनी पुढचे पाऊल टाकले. स्वादुपिंड काढून मधुमेही केलेल्या प्राण्याची पीयूषिकाही काढली, तर मधुमेहाचे काय होते? प्रयोगासाठी त्यांनी कुत्र्यांबरोबर तिथले भेक वापरले. भेक मुबलक मिळत. शिवाय बेडकाच्या जातीच्या प्राण्यांत तोंड उघडून टाळूतून पीयूषिकेपर्यंत पोचता येते. उत्तर स्पष्ट आले. दोन्ही ग्रंथी काढलेल्या प्राण्यांचा मधुमेह बराच सौम्य झाला. पीयूषिकेच्या पुढच्या भागाचे तुकडे त्यांच्या शरीरात बसवले की तो पुन्हा तीव्र होई. स्वादुपिंड काढलेल्या आणि इन्सुलिन न मिळालेल्या कुत्र्यापेक्षा हे कुत्रे कितीतरी जास्त जगत.

इथे एक महत्त्वाचा तपशील विसरू नये. हे प्राणी बरे झाले नव्हते. त्यांना उपाशी ठेवले की साखर धोकादायक इतकी खाली जाई. त्याचा अर्थ पीयूषिका इन्सुलिनची शत्रू नाही. उपवासात मेंदूला साखर पुरत राहावी म्हणून ती रस्सीचे दुसरे टोक धरून असते. रक्तातील साखर ही रस्सीखेच आहे. एका बाजूला इन्सुलिन एकटे ओढते. दुसऱ्या बाजूला वृद्धी संप्रेरक, अधिवृक्क ग्रंथीतली संप्रेरके आणि ग्लुकागॉन असे अनेक जण असतात. एका बाजूचा गडी दमला तरी दोरी सरकते, आणि दुसऱ्या बाजूला एखादा पहिलवान येऊन उभा राहिला तरी सरकते. पाठ्यपुस्तकातले वाक्य फक्त पहिली शक्यता सांगते.

हूसाय ह्यांची वाट सोपी नव्हती. १९४३ साली देशात लोकशाही पुन्हा यावी असे सांगणाऱ्या एका जाहीर निवेदनावर त्यांनी सही केली. लष्करी सरकारने त्यांना विद्यापीठातून काढून टाकले. परदेशांतून बोलावणी आली, पण ते गेले नाहीत. १९४४ साली खाजगी देणग्यांवर त्यांनी ब्वेनोस आयरेसमध्येच नवी संस्था उभी केली आणि काम चालू ठेवले. १९४७ साली पीयूषिका व साखर ह्यांच्या संबंधाच्या शोधासाठी त्यांना नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. उरलेला अर्धा कार्ल आणि गर्टी कोरी ह्या दांपत्याला मिळाला. विज्ञानाचे नोबेल मिळालेले ते पहिले लॅटिन अमेरिकी.

मांजरांची पाळी

१९३७ साली इंग्लंडमध्ये एफ. जी. यंग ह्यांनी उलट दिशेने प्रयोग केला. त्यांनी काहीही न काढता, धडधाकट कुत्र्यांना पीयूषिकेच्या पुढच्या भागाचा अर्क रोज वाढत्या मात्रेने टोचला. कुत्र्यांना मधुमेह झाला. धक्कादायक भाग पुढे आहे. टोचणे थांबवल्यावरही मधुमेह राहिला. जास्त इन्सुलिन बनवण्याच्या सततच्या ओढाताणीत स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशीच निकामी झाल्या होत्या.

मग अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लुकेन्स आणि डोहान ह्यांनी मांजरे घेतली. स्वादुपिंडाचा काही भाग काढून व पीयूषिकेचा अर्क टोचून त्यांनी मांजरांना मधुमेही केले. १९४२ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष आजही पशुवैद्यांच्या उपयोगी पडतो. इन्सुलिन देऊन किंवा आहार बदलून साखर वेळीच खाली आणली, तर मांजरे मधुमेहातून बाहेर येत. उशीर केला, तर पेशी कायमच्या जात. चढलेली साखर हीच त्या पेशींना इजा करते, हे त्यातून दिसले.

अर्कात अनेक संप्रेरके असतात. त्यांतले नेमके कोणते इन्सुलिनला अडवते? १९४५ साली कॅलिफोर्नियात ली, इव्हान्स आणि सिम्प्सन ह्यांनी बैलाच्या पीयूषिकेतून वृद्धी संप्रेरक वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. १९४९ साली कोट्स, रीड आणि यंग ह्यांनी दाखवले की शुद्ध वृद्धी संप्रेरकानेही मधुमेह होतो. हा प्रयोगही मांजरांवरचा होता.

तेव्हा १९४९ सालीच सगळे तुकडे हाती आले होते. वृद्धी संप्रेरक जास्त झाले की मांजराला मधुमेह होतो, हे प्रयोगशाळेत सिद्ध झाले होते. तरीही घरातल्या मांजराला स्वतःच्या गाठीमुळे हाच आजार होऊ शकतो, हे दवाखान्यात रुजायला आणखी अर्धे शतक लागले.

नजर आणि मोजमाप

जर्मनीतून १९७६ साली अशा मांजरांची एक नोंद आली. १९९० साली न्यूयॉर्कच्या पशुवैद्यांनी ॲक्रोमेगाली झालेल्या १४ मांजरांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेक वयस्क बोके, सगळे मधुमेही, आणि इन्सुलिनला दाद न देणारे. तरी हा आजार दुर्मीळच मानला जाई. एवढा उशीर का झाला असावा?

आम्हाला दोन कारणे दिसतात. पहिले कारण नजरेचे. आमच्या तिसगावच्या जवळ मढीला कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो. तिथे जनावर घेणारा आधी तोंड उघडून दात बघतो, मग पाय बघतो. ॲक्रोमेगालीच्या मांजरातही खुणा तिथेच असतात. खालचा जबडा पुढे येतो, सुळ्यांमधले अंतर वाढते, तोंड रुंद दिसते, पंजे मोठे होतात. पण बाजारातला गिऱ्हाईक जनावर पहिल्यांदाच पाहत असतो, आणि घरचे लोक मांजर रोज पाहतात. महिन्यामहिन्याने होणारा बदल रोजच्या नजरेला कळत नाही. म्हणून पशुवैद्य जुना फोटो मागतात. शिवाय वजन वाढलेले, भरपूर खाणारे मांजर आजारी कोणाला वाटेल?

दुसरे कारण मोजमापाचे. संप्रेरके रक्तात इतकी कमी असतात की साध्या रसायनांनी ती मोजता येत नाहीत. १९५९-६० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये रोझालिन यालो आणि सॉलोमन बेर्सन ह्यांनी किरणोत्सारी खूण लावून इन्सुलिन मोजण्याची युक्ती काढली. यालो ह्यांना १९७७ साली नोबेल मिळाले. मुंबईतही परळला, पशुवैद्यक महाविद्यालयाच्याच परिसरात, अणुऊर्जा खात्याचे किरणोत्सारी वैद्यक केंद्र १९६३ साली सुरू झाले आणि तिथे संप्रेरकांच्या मापनाचे काम होऊ लागले.

वृद्धी संप्रेरक मोजण्यात आणखी एक अडचण आहे. ते एकसारखे स्रवत नाही, लाटांनी येते. एका क्षणीचा आकडा फसवू शकतो. ह्यावर निसर्गानेच सोय केली आहे. वृद्धी संप्रेरकाच्या सांगण्यावरून यकृत आयजीएफ-१ नावाचे दुसरे द्रव्य बनवते, आणि त्याची पातळी बरीच स्थिर राहते. ते मोजले की लाटांची सरासरी कळल्यासारखेच होते. मात्र यकृताला ते बनवायला इन्सुलिनही लागते. म्हणून नुकताच मधुमेह निघालेल्या मांजरात ते खोटेच कमी दिसू शकते. इन्सुलिन सुरू करून सहा-आठ आठवडे झाल्यावर तपासणे बरे. त्यानंतर सीटी स्कॅन किंवा एमआरआय करून गाठ पाहतात.

ह्या तपासणीने काय दिसले? लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या १२२१ मधुमेही मांजरांचे रक्त तपासून २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे चौथ्या हिश्शात आयजीएफ-१ फार वाढलेले होते. त्यांतल्या ज्यांची पुढची तपासणी झाली, त्यांच्यापैकी बहुतेकांत ॲक्रोमेगाली पक्की ठरली. आणि अशा मांजरांच्या पशुवैद्यांपैकी जेमतेम चौथ्या हिश्शालाच आधी तिचा दाट संशय आला होता. ज्याला आपण दुर्मीळ म्हणत होतो, ते न मोजलेले होते.

मग उपचार काय?

पहिला मार्ग रस्सीच्या इन्सुलिनच्या बाजूला जोर वाढवण्याचा. साध्या मधुमेही मांजराला एका वेळी एक-दोन युनिट पुरतात. ह्या मांजरांना दहा, वीस किंवा त्याहूनही जास्त लागू शकतात. त्यात धोका आहे. गाठीचा स्राव कमीजास्त होतो. एखाद्या दिवशी तो कमी पडला आणि इन्सुलिन नेहमीइतके दिले, तर साखर एकदम कोसळून मांजर बेशुद्ध पडू शकते. म्हणून कानाच्या कडेला सुई टोचून थेंबभर रक्ताची साखर घरीच मोजायला शिकतात. पिष्टमय पदार्थ कमी असलेला आहार देतात. मात्रा स्वतःच्या मनाने वाढवत नाहीत. ह्या मार्गाने साखर आटोक्यात आली तरी गाठ तशीच राहते, आणि वृद्धी संप्रेरकाचा हृदयावर व सांध्यांवर होणारा परिणामही चालूच राहतो.

दुसरा मार्ग पहिलवानालाच थोपवण्याचा. गाठीवर किरणोपचार करता येतात. त्यांचा परिणाम हळूहळू दिसतो आणि मग इन्सुलिन वेळीच कमी करावे लागते. गाठीचा स्राव दाबणारी पासिरिओटाइडसारखी औषधे वापरली जातात. ती महाग असतात. तिसरा उपाय शस्त्रक्रिया. २०१२ सालापासून लंडनच्या त्याच महाविद्यालयात मांजरांची पीयूषिका काढली जाऊ लागली. वाट तोंडातून, टाळूमागून. हूसाय ह्यांच्या भेकांची आठवण व्हावी अशीच.

तिथल्या ६८ मांजरांचा हिशेब २०२१ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर चार आठवड्यांच्या आत १० मांजरे दगावली. उरलेल्या ५८ पैकी ४१ मांजरांना पुढे इन्सुलिनची गरज राहिली नाही. स्वादुपिंडाला कोणी हातही लावला नव्हता. अर्थात पीयूषिका गेली की तिच्या हुकमावर चालणाऱ्या ग्रंथीही थंडावतात. म्हणून अवटू व अधिवृक्क ग्रंथींची संप्रेरके ह्या मांजरांना जन्मभर बाहेरून द्यावी लागतात. ही शस्त्रक्रिया जगातल्या मोजक्याच केंद्रांत होते आणि खर्चिक आहे. बहुसंख्य मांजरांचा आधार अजून पहिलाच मार्ग आहे.

ह्या इतिहासात किती कुत्रे, भेक आणि मांजरे मेली, ह्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. त्या ज्ञानाचा पहिला लाभ माणसांना झाला. प्राण्यांपर्यंत ते परत पोचायला अर्धे शतक लागले आणि अजूनही ते थोड्याच प्राण्यांपर्यंत पोचते. प्राण्यांवरील प्रयोगांविषयी वर्गात चर्चा निघाली, तर ही बाजूही मुलांसमोर यावी असे आम्हाला वाटते.

वर्गासाठी

ॲक्रोमेगाली माणसांतही असते आणि तिथेही ती बरीच वर्षे लक्षात येत नाही. अंगठी निघेनाशी होणे, वाढीचे वय संपल्यावर चपलेचा नंबर वाढत जाणे, दातांत फटी पडणे अशा खुणा कोणी सांगितल्या, तर हसण्यावारी नेऊ नये. एकदा डॉक्टरांना दाखवायला सांगावे.

मधुमेह शिकवताना फळ्यावर रस्सीखेच काढावी. एका बाजूला इन्सुलिन, दुसऱ्या बाजूला बाकीची मंडळी. मग वरच्या वर्गातील मुलांना तीन प्राणी द्यावेत: स्वादुपिंड काढलेला मिंकोव्स्कीचा कुत्रा, दोन्ही ग्रंथी काढलेला हूसायचा कुत्रा आणि पीयूषिकेत गाठ असलेले मांजर. प्रत्येकाची साखर भरपेट जेवणानंतर कुठे असेल आणि दिवसभराच्या उपवासानंतर कुठे जाईल, हे त्यांनी कारणांसह सांगायचे. चौथा प्रश्न थोडा अवघड आहे. त्या मांजराची गाठ आज काढली आणि संध्याकाळचे इन्सुलिन चुकून नेहमीच्याच मात्रेने दिले गेले, तर काय होईल?